'डिटेक्टिव्ह' आणि 'हफिये' : एका शब्दाचें तुर्की भाषांतर

एका भाषेंतील शब्द दुसऱ्या भाषेंत नेतांना वस्तूंचे शब्द फारसा त्रास देत नाहींत. पाणी, भाकरी, घोडा, नांगर ह्यांना बहुतेक ठिकाणीं सरळ प्रतिशब्द सांपडतो. कठीण जातात ते माणसाच्या पेशाचे व अधिकाराचे शब्द. कारण अशा शब्दांत केवळ काम सांगितलेलें नसतें. तें काम करणाऱ्या माणसाचा लोकांना काय अनुभव आला, हेंही त्यांत सांठलेलें असतें. इंग्रजींतील 'डिटेक्टिव्ह' हा असाच एक शब्द आहे. गुन्ह्याचा छडा लावणारा मनुष्य, हा त्याचा अर्थ शाळेंतील मुलालाही ठाऊक असतो. परंतु ह्याला तुर्की भाषेंत काय म्हणावें, असें विचारलें तर उत्तर एका शब्दावर थांबत नाहीं. 'देदेक्तिफ', 'हफिये', 'पोलिस हफियेसी', 'सिव्हिल पोलिस' असे कित्येक प्रतिशब्द पुढें येतात, आणि 'म्युफेत्तिश' व 'सोरुश्तुर्माजी' हे चौकशी करणाऱ्यांचे शब्दही त्यांच्या शेजारीं येऊन बसतात. हे सर्व शब्द एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. ते कां चालत नाहींत हें समजण्यासाठीं प्रथम मूळ इंग्रजी शब्दाची हकीकत पाहिली पाहिजे.

'डिटेक्टिव्ह' ह्या शब्दाचें मूळ लॅटिनमध्यें आहे. 'तेगेरे' म्हणजे झांकणें. त्याला 'दे' हा उपसर्ग लागला म्हणजे 'देतेगेरे', अर्थात् झांकण काढणें, वरचें आच्छादन दूर करणें, असा अर्थ होतो. तेव्हां डिटेक्टिव्ह म्हणजे शब्दशः 'उघडें करणारा'. येथें मराठी वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्या लॅटिन धातूचें नातें भाषाशास्त्रज्ञ संस्कृतांतील 'स्थग्' म्हणजे झांकणें ह्या धातूशीं जोडतात. आणि 'स्थग' म्हणजे लबाड, धूर्त ह्या संस्कृत शब्दापासून आपला 'ठग' शब्द आला. 'स्थग' हाही त्याच धातूचा असावा, असें मानतात. तें खरें असेल तर झांकतो तो ठग आणि झांकलेलें उघडतो तो डिटेक्टिव्ह. चोर आणि त्याचा माग काढणारा हे दोघे एकाच धातूच्या पोटचे ठरतात!

धातु असा प्राचीन असला, तरी पेशाचें नांव म्हणून 'डिटेक्टिव्ह' हा शब्द एकोणिसाव्या शतकांतला आहे. इ. स. १८२९ मध्यें रॉबर्ट पील ह्यांनीं लंडनचें नवें पोलीस दल उभें केलें. त्या काळच्या इंग्रज लोकांना साध्या वेषांतील पोलिसाचा मोठा तिटकारा होता. फ्रान्समध्यें सरकारचे हेर लोकांच्या बोलण्याला कान लावून बसतात, तसा प्रकार आपल्या देशांत नको, असें त्यांस वाटे. म्हणून शिपायांना दुरूनही ओळखूं येईल असा निळा गणवेश देण्यांत आला. तरी १८३३ सालीं पोपे नांवाचा एक सार्जंट वेष पालटून एका राजकीय संघटनेंत सभासद म्हणून शिरला होता, असें उघडकीस आलें. पार्लमेंटच्या समितीनें त्याच्या वर्तनाचा निषेध केला व त्याला नोकरी गमवावी लागली.

परंतु गुन्हा घडून गेल्यावर गुन्हेगार शोधून काढणें हें गणवेशांतील शिपायाला सर्वदां साधत नाहीं, हाही अनुभव येत होता. १८४२ सालीं एका खुनी इसमानें लंडनच्या पोलिसांना कित्येक दिवस हुलकावणी दिली. त्याच वर्षीं स्कॉटलंड यार्डांत ह्या कामाकरितां एक स्वतंत्र शाखा निघाली. तिच्यांत अवघीं आठ माणसें होतीं : दोन इन्स्पेक्टर व सहा सार्जंट. ह्या लोकांना 'स्पाय' म्हणणें शक्य नव्हतें, कारण तो शब्द लोकांच्या मनांतून पार उतरलेला होता. त्या सुमारास 'डिटेक्टिव्ह पोलीस' असा शब्दप्रयोग रूढ होऊं लागला. प्रथम तें नुसतें विशेषण होतें. थोड्याच वर्षांत विशेष्य गळून पडलें आणि 'डिटेक्टिव्ह' हेंच नाम झालें. १८५० सालीं चार्ल्स डिकन्स ह्यांनीं आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' ह्या साप्ताहिकांत ह्या नव्या पोलिसांवर प्रशंसेचे लेख लिहिले, आणि शब्द घरोघर पोंचला. पुढें १८७७ सालीं ह्याच शाखेंतील वरिष्ठ अधिकाऱ्यांवर लांचलुचपतीचा खटला होऊन तिघांना शिक्षा झाली, व १८७८ सालीं तिची पुनर्रचना करावी लागली. पण शब्दाचा मान राहिला. १८८७ पासून शेरलॉक होम्सनें तो जगभर नेला.

ह्या इतिहासावरून शब्दाचा खरा अर्थ स्पष्ट होतो. हेर माणसावर नजर ठेवतो. डिटेक्टिव्ह घडलेल्या कृत्याचा माग काढतो. हेराचें काम अंधारांत सुरू होऊन अंधारांतच संपतें. त्यानें दिलेली बातमी खरी कीं खोटी, हें ज्याच्याविरुद्ध ती दिली त्याला कळतही नाहीं. डिटेक्टिव्हला मात्र शेवटीं न्यायालयांत उभें राहून पुरावा मांडावा लागतो, आणि आरोपीचा वकील त्याची उलटतपासणी करतो. 'उघडें करणारा' हें नांव त्याला ह्या दोन्ही अर्थांनीं शोभतें. भाषांतर करतांना हाच भेद संभाळावयाचा असतो.

आतां तुर्कस्तानाकडे वळूं. ऑटोमन साम्राज्यांत 'पोलिस' ह्या नांवाची संस्था १८४५ सालीं सुरू झाली. गुप्तपणें शोध करणाऱ्या माणसाला तुर्कींत 'हफिये' हा शब्द होता. तो अरबी 'खफी' म्हणजे गुप्त, लपलेलें, ह्यापासून आला. तुर्की उच्चारांत 'ख' चा 'ह' होतो. हिंदी-उर्दूंतील 'खुफिया' हा शब्द ह्याच मुळाचा आहे. तेव्हां 'खुफिया पोलीस' म्हणणारा उत्तर हिंदुस्थानांतील मनुष्य आणि 'पोलिस हफियेसी' म्हणणारा इस्तंबूलचा मनुष्य एकाच घराण्यांतला शब्द वापरतात. नुसत्या व्युत्पत्तीच्या दृष्टीनें पाहिलें तर 'हफिये' हा डिटेक्टिव्हला पुरेसा प्रतिशब्द होता. पण शब्दाच्या नशिबीं कांहीं वेगळेंच होतें.

सुलतान दुसरा अब्दुल हमीद १८७६ सालीं गादीवर आला. त्याच वर्षीं राज्यघटना जाहीर झाली. परंतु १८७८ सालीं त्यानें पार्लमेंट बंद केलें, आणि पुढील तीस वर्षें यिल्दिझ राजवाड्यांतून एकहातीं राज्य केलें. कटाच्या भयानें त्यानें राजधानींत हेरांचें जाळें पसरलें. हे हेर म्हणजेच 'हफिये'. ते जो गुप्त अहवाल लिहून राजवाड्याकडे पाठवीत, त्याला फ्रेंचांतून घेतलेला 'जुर्नाल' हा शब्द पडला, आणि असा अहवाल लिहिणारा तो 'जुर्नालजी'. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ रोजनिशी किंवा वृत्तपत्र; तुर्कींत मात्र त्याला चहाडी हा अर्थ चिकटला. अशा अहवालाबद्दल पैसा, पदवी किंवा बढती मिळे. म्हणून पगारी हेरच नव्हे, तर कचेरींतील सोबती, शेजारी, ओळखीचे लोकही जुर्नाल लिहूं लागले. कोणाच्या घरीं कोण आलें, कॉफीच्या दुकानांत कोण काय बोललें, हें सर्व कागदावर उतरे. वृत्तपत्रांना 'स्वातंत्र्य' व 'मातृभूमि' असे शब्द छापण्याचीही चोरी झाली. एका अहवालावरून मनुष्य दूरच्या प्रांतांत हद्दपार होई.

ह्या हेरांच्या पुढाऱ्यांपैकीं फेहीम पाशा हा विशेष कुप्रसिद्ध झाला. त्याच्या जुलमांविरुद्ध परकीय वकिलातींकडूनही तक्रार झाली, तेव्हां १९०७ सालीं सुलतानाला त्याला राजधानींतून घालवून बुर्सा येथें पाठवावें लागलें. १९०८ च्या जुलै महिन्यांत तरुण तुर्कांची क्रांति होऊन राज्यघटना पुन्हां चालू झाली, तेव्हां पळून जात असतां यनीशेहिर गांवीं संतप्त जमावानें त्याला ठार केलें. १९०९ सालीं सुलतान पदच्युत झाला, आणि यिल्दिझ राजवाड्यांत जुर्नालांचे ढीगच्या ढीग सांपडले. आपल्याविरुद्ध कोणीं लिहिलें होतें तें आतां लोकांना कळणार होतें. आणि लिहिणाऱ्यांत कित्येक प्रतिष्ठित मंडळीही निघालीं. इतकें झाल्यावर 'हफिये' हा शब्द कानीं पडतांच तुर्की माणसाला चोर पकडणारा आठवावा कीं दाराला कान लावणारा, हें सांगण्याची गरज नाहीं.

ह्या प्रकरणांतील मोठें नवल असें कीं, हाच सुलतान डिटेक्टिव्ह कथांचा अत्यंत शौकीन होता. युरोपीय कादंबऱ्या त्याच्याकरितां राजवाड्यांत मुद्दाम भाषांतरित होत, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्या पडद्याआडून त्याला वाचून दाखवीत. शेरलॉक होम्सच्या गोष्टी त्याला विशेष प्रिय होत्या. १९०७ सालीं आर्थर कॉनन डॉयल सपत्नीक इस्तंबूलला गेले, तेव्हां सुलतानानें त्यांना 'मेजिदिये' पदक व त्यांच्या पत्नीला स्त्रियांसाठीं असलेलें 'शेफकत' पदक दिलें. रमजान चालूं असल्यामुळें प्रत्यक्ष भेट मात्र झाली नाहीं. पुरावा तपासून निरपराध्याला सोडविणाऱ्या होम्सच्या गोष्टी जो रात्रीं ऐकत होता, तोच दिवसा पुराव्याशिवाय लिहिलेले जुर्नाल वाचून माणसें हद्दपार करीत होता.

तुर्की वाचकांनाही ह्या गोष्टींची गोडी लागली होती. १८८१ सालीं एका फ्रेंच कादंबरीचें भाषांतर निघालें. तुर्कींतील ह्या जातीच्या भाषांतरांत तें पहिलें गणलें जातें. थोड्याच वर्षांत, १८८४ सालीं, अहमद मिधात एफेंदी ह्यांची 'एसरार-इ जिनायात' ही स्वतंत्र कादंबरी पुस्तकरूपानें आली. नांवाचा अर्थ 'गुन्ह्यांचीं रहस्यें'. तिच्यांत शोध लावणारा उस्मान साबरी हा इस्तंबूलच्या बेयोग्लू भागांतील पोलीस अधिकारी आहे. सुलतानशाही संपल्यावर, १९१३-१४ च्या सुमारास, एब्युस्सुरेय्या सामी ह्यांनीं 'अमानव्हेरमेझ अव्नी' हा नायक निर्माण केला. 'अमानव्हेरमेझ' म्हणजे गय न करणारा. आणि त्याची ओळख 'तुर्कांचा शेरलॉक होम्स' अशी करून दिली जाई. अशा कथांतून 'पोलिस हफियेसी', म्हणजे पोलिसांचा हफिये, हा जोडशब्द पुष्कळ चालला. हफिये ह्या डागाळलेल्या शब्दापुढें 'पोलिस' हा शब्द लावून, हा राजवाड्याचा चहाडखोर नव्हे, गुन्ह्यांचा शोध करणारा आहे, असें जणूं सांगावें लागे.

१९२३ सालीं तुर्कस्तानांत प्रजासत्ताक आलें. १९२८ च्या नोव्हेंबरांत अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली, आणि १९३२ सालीं भाषासुधारणेसाठीं संस्था स्थापन झाली. जुने अरबी-फारसी शब्द एकेक करून मागें पडूं लागले. साध्या वेषांतील शोधक पोलिसाला तोंपर्यंत 'तहर्री मेमुरु' असेंही म्हणत. 'तहर्री' म्हणजे शोध व 'मेमुर' म्हणजे अधिकारी. तो शब्द कालांतरानें कालबाह्य झाला. चौकशीला 'तहकीकात' म्हणत. तिची जागा 'सोरुश्तुर्मा' ह्या तुर्की शब्दानें घेतली. 'सोरमाक' म्हणजे विचारणें, ह्या क्रियापदापासून तो बनविला आहे. आपल्याकडे 'विचारपूस' म्हणावें तसा. परंतु डिटेक्टिव्ह ह्या अर्थानें मात्र तुर्कांनीं स्वतःचा धातु शोधला नाहीं. फ्रेंचांतून 'देदेक्तिफ' हा शब्द त्यांनीं जसाच्या तसा उच्चाराप्रमाणें उचलला. मूळ फ्रेंच शब्द इंग्रजीवरूनच घेतलेला. म्हणजे लंडनहून निघालेला शब्द पॅरिसमार्गे इस्तंबूलला पोंचला. परक्या शब्दाचा येथें एक फायदा होता : त्याच्यावर जुना कसलाही डाग नव्हता.

आतां भाषांतराचा प्रश्न एकेका वाक्यापुरता सोडवितां येतो. कथा-कादंबरींतील किंवा चित्रपटांतील डिटेक्टिव्ह असेल तर 'देदेक्तिफ' हाच शब्द योग्य. पैसे घेऊन खासगी शोध करणारा असेल तर 'ओझेल देदेक्तिफ'. 'ओझेल' म्हणजे खासगी. साध्या कपड्यांत फिरणारा पोलीस असेल तर 'सिव्हिल पोलिस'. येथें 'सिव्हिल' म्हणजे दिवाणी नव्हे, तर गणवेश नसलेला. परराष्ट्राचा गुप्तहेर असेल तर 'जासुस'. आणि जेथें मूळ लेखकाला पाळत ठेवणाऱ्या, लोकांच्या खासगी गोष्टी हुंगणाऱ्या माणसाचें चित्र उभें करावयाचें असेल, तेथेंच 'हफिये' शोभेल. आजच्या बोलण्यांतही दुसऱ्याच्या भानगडींत नाक खुपसण्याला 'हफियेलिक' म्हणतात.

इंग्रज पोलिसांतील 'डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर' ह्या हुद्द्याशीं मात्र भाषांतरकाराची खरी गांठ पडते. तुर्की पोलिसांत 'देदेक्तिफ' नांवाचा हुद्दाच नाहीं. तेथें 'कोमिसेर', 'बाशकोमिसेर' असे हुद्दे आहेत. शिवाय २००४ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणें गुन्ह्याच्या तपासाचें सूत्र सरकारी वकिलाच्या, म्हणजे 'साव्जी'च्या, हातीं असतें व पोलीस त्याच्या आज्ञेनें काम करतात. पुष्कळ भाषांतरांत 'इन्स्पेक्टर' ला 'म्युफेत्तिश' हा शब्द योजलेला आढळतो. तो शब्दाला शब्द म्हणून बरोबर. अर्थानें मात्र फसवा. 'म्युफेत्तिश' म्हणजे सरकारी कामकाजाची तपासणी करणारा अधिकारी. कचेरीचें दप्तर पाहणारा तो म्युफेत्तिश, आणि शाळेंत येऊन शिक्षकाचा पाठ पाहणारा, तोही म्युफेत्तिशच. "म्युफेत्तिश आला" ह्या वाक्यानें तुर्कस्तानांत खुनी माणूस घाबरणार नाहीं. वर्गांतील गुरुजी मात्र फळा पुसून उभे राहतील! त्यापेक्षां 'कोमिसेर' म्हणणें कामाला अधिक धरून होतें. सरकारी खात्यांतल्या चौकशीवर नेमलेला तो 'सोरुश्तुर्माजी'.

हिंदुस्थानांतील मनुष्य ह्या ठिकाणीं दुसऱ्या एका कारणानें चुकण्याचा संभव आहे. ज्या अरबी मुळापासून 'म्युफेत्तिश' आला, त्यापासूनच उर्दूंतील 'तफ्तीश' आला आहे. आणि उर्दू-हिंदींत तफ्तीश म्हणजे पोलिसांचा गुन्ह्याचा तपास. तेव्हां त्याला 'म्युफेत्तिश' म्हणजे तपासी अंमलदारच वाटेल. जासूद शब्दाचीही तीच गत. मराठेशाहींत 'जासूद' हा बातमी आणणारा, तसाच पत्रें पोंचविणाराही होता. शिवछत्रपतींचा जासूद बहिर्जी नाईक ह्याचें नांव मराठी मुलें आदरानें घेतात. तुर्कींतील 'जासुस' त्याचाच सख्खा भाऊ. पण तो नेहमीं शत्रूकडचा आणि तिरस्काराचा विषय. एकाच आईचीं मुलें दोन गांवीं वाढलीं म्हणजे त्यांची चालचलणूक वेगळी होते, तसेंच शब्दांचें आहे.

मराठींतही हा प्रश्न पुरता सुटलेला नाहीं. 'गुप्तहेर' हा शब्द आपण होम्सलाही लावतों आणि शत्रूच्या छावणींत शिरणाऱ्या हेरालाही. 'हेरणें' म्हणजे नेमकें पाहून ठेवणें, हा अर्थ सुंदर आहे. परंतु 'गुप्त' ह्या पदामुळें सगळा भर लपण्यावर जातो आणि 'उघडें करणारा' हा मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बाजूला राहतो. 'हफिये' मध्यें जो दोष शिरला, त्याला वाव देणारी जागा 'गुप्तहेर' मध्येंही आहे. सरकारी मराठींत 'गुन्हे अन्वेषण' असा शब्द रूढ झाला आहे. तो थोडा जड असला तरी अर्थानें स्वच्छ आहे. अन्वेषण म्हणजे मागोवा घेत शोधणें. त्यांत पाळत नाहीं, चहाडी नाहीं, आणि शोध कशाचा तर गुन्ह्याचा, हेंही त्यांत सांगितलें आहे.

तात्पर्य, 'डिटेक्टिव्ह' ह्या शब्दाला तुर्कींत 'देदेक्तिफ' म्हणावें, हें उत्तर एका ओळीचें आहे. पण जवळ असलेला स्वतःचा शब्द ह्या अर्थीं मागें पडून त्या भाषेंत परका शब्द रुळला, ह्यामागें तीस वर्षांची दहशत आहे. राज्यकर्त्यांनीं गुन्ह्याचा शोध करणारा आणि प्रजेवर पाळत ठेवणारा ह्यांतील अंतर पुसून टाकलें, आणि त्याची किंमत एका निरपराध शब्दालाही द्यावी लागली. अशा शब्दांचें भाषांतर करणारानें कोशांतील अर्थ पाहून घ्यावाच. पण त्या देशांत हें नांव धारण करणारा मनुष्य रात्रीं कोणाच्या दारावर थाप मारीत असे, आणि कशासाठीं, हेंही विचारून घ्यावें.